कोरी बाजू

सांवेरच्या पुढे, नाल्यापलीकडे घर.
मी फॉर्म उघडायच्या आत
सजनबाईनं पिठाच्या डब्यातून नोटा काढल्या,
फुंकून माझ्यासमोर ठेवल्या.

मोजून घ्या.
पोराच्या चष्म्याचे तेवढे कमी आहेत,
आणि एक दिवस मी निंदणीला गेले नाही,
नुसती पडून होते,
त्या दिवसाचे.
सोयाबीनच्या कापणीची मजुरी आली की भरते.

परत नाही करायचे, मी म्हटलं.
दोनदा. एकदा चुकून मराठीतून.
नोटा तिच्याकडे सरकवल्या.

नवऱ्यानं कागद माझ्या हातून घेतला,
उलटा केला,
मागे काही लिहिलंय का पाहिलं,
दाराच्या उजेडात धरला.

मग आमच्याकडून
काय पाहिजे तुम्हाला?

इंदूर येईपर्यंत
बोटांना पीठ होतं.