धारोष्ण

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
म्हैस समोर उभी असते.
आचळ दिसतं, धार दिसते,
बादलीत पाणी नाही हेही दिसतं.
तरी आम्ही विचारतो, "आज वैरण काय घातलीस रं?"
आणि मगच पेला तोंडाला लावतो.

त्याच कट्ट्यावर, मिशीला फेस असताना,
अकरा सेकंदांचा व्हिडिओ आला.
तो मात्र एका दमात प्यालो.
कुणाची म्हैस, विचारलं नाही.

त्यात मालन कवाळे म्हणत होती,
"पुढची पाच वर्षं पाण्याचं नाव काढू नका."
मालनताई. अंगणवाडीत माझ्या पोराचा हात धरून
पाटीवर पहिला अ गिरवून घेतलेली.
प्रभागातून अपक्ष उभी, चिन्ह कपबशी.

ग्रुपचा ॲडमिन मी.
पेठेच्या फुटबॉल टीमसाठी काढलेला,
आता दोनशे त्रेचाळीस माणसं, आणि फुटबॉल कमीच.
व्हिडिओवर मी एवढंच लिहिलं: "बघा आणि ठरवा."
यात खोटं काय आहे?
वकिलाला दाखवा. काही नाही.

रात्री पावणेबाराला
दस्तगीर बागवानाच्या पोरानं अख्खं भाषण पाठवलं,
ग्रुपवर नाही, मला एकट्याला.
"निवडून आले की ते म्हणणार,
पुढची पाच वर्षं पाण्याचं नाव काढू नका.
आपण काढायचं. रोज काढायचं. घागरी घेऊन काढायचं."
चार मिनिटं. शेवटपर्यंत ऐकलं.
म्हणजे मला माहीत होतं.
हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय.

म्हटलं, सकाळी टाकू.
म्हटलं, चार मिनिटं कोण बघतंय.
सकाळी मतदान होतं.

केंद्रावरच्या बाईंनी तर्जनीला शाई लावली.
अंगठ्याला कुणी काही लावलं नाही.

माझा आजा अंगठाबहाद्दर.
कागदावर अंगठा उठवायच्या आधी
चौघांकडून तो वाचून घ्यायचा,
चौघांचं जुळलं नाही तर पाचवा शोधायचा.
मी बी. कॉम.

मालनताई सदतीस मतांनी पडली.
ती सदतीस माझ्यामुळं, असं म्हणत नाही,
तेवढी माझी पत नाही.
पण गल्लीतनं जाताना दारं मोजू लागलो
की सदतिसाव्या दाराशी पाय जड होतो.

व्हिडिओ काढून टाकलाय.
तिथं आता एक राखाडी ओळ आहे,
हा मेसेज डिलीट केला आहे,
सारवलेल्या जमिनीवर
कुणीतरी पाय देऊन गेल्यासारखी.

परवा ती कट्ट्यावर आली, नातवाला घेऊन.
त्याला पेला दिला, पदरानं त्याचं तोंड पुसलं,
आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली,
"ग्रुप चालू हाय न्हवं तुझा?
पाणी किती वाजता सुटतंय, तेवढं तरी टाकत जा."

तिला माहीत आहे की नाही, कळलं नाही.
टाकतो, म्हणालो.
पेल्यातला फेस हळूहळू बसत होता.
खाली दूध निम्मंच.