हिडकलच्या काठावर

गोव्याहून आणलेलं मेण
सुतगट्टीच्या चढावरच विरघळलं.
डब्यातल्या चपात्यांना नारळाचा वास.

"पॅडच चिकटव," भरमू म्हणतो, "एकदाच काय ते."
त्याच्या चुलत्याचं अथणीला चपलांचं काम,
तिथलंच तळाचं रबर,
टोच्यानं खरवडून खडबडीत केलेलं.

फळीवर खडूनं मी पावलं काढते.
उजवं इथं, मागं. ठाम.
डावं...
वारा चढला की ते मागं येतं,
पडला की पुढं.
सुलेशनला हे कसं सांगू?

भरमू डबी उघडून बसलाय.
पतंग चिखलात फडफडतोय.
"बेग, बेग!" मासे सोडवता सोडवता
मल्लेशी ओरडतो.

उजव्याखाली रबर दाबून धरते.
डाव्याच्या जागी घासते
उरलेलं मेण,
चपातीच्या चुऱ्यासकट.