डाव्या पायाची बोटं

आज सहावा रविवार.
तलावात जमिनीच्या पोटातून आलेलं ऊन पाणी,
त्याला उकडलेल्या अंड्याचा वास.
वर बर्फ भुरभुरतोय. फ्योर्डच्या पलीकडे
अकरा वाजले तरी उजाडायचं राहूनच गेलंय.

इल्वा माझ्या कमरेला,
खडकाला शिंपला चिकटावा तशी.
वय दोन वर्षं, तीन महिने.
हनुवटीपर्यंत पाणी चालतं तिला.
हनुवटीच्या वर तिचं राज्य,
तिथे पाण्याला मज्जाव.

पहिल्या रविवारी आम्ही नुसती फुंकर घातली,
गरम सूपवर घालतात तशी.
दुसऱ्या रविवारी पाण्याला कान टेकवला.
काय म्हणतंय?
"बुडबुड," ती म्हणाली,
आणि लगेच कान पुसून मागितला.
तिसऱ्या रविवारी झारी.
आधी माझ्या डोक्यावर, मग रबरी पफिनच्या,
मग तिच्या खांद्यावर, आणि एक धार चुकून
(चुकून नव्हे)
कपाळावरून नाकावर.
चौथा आणि पाचवा रविवार
त्या धारेची माफी मागण्यात गेला.

शिकवणारी हेक्ला म्हणते,
घाई पाण्याला नसते, आईला असते.
तिला म्हणायला काय जातं.
शेजारच्या बाईचा मुलगा, जेमतेम सव्वा वर्षाचा,
सीलच्या पिल्लासारखा बुडी मारतो, हसत वर येतो,
आणि मी, खोटं कशाला बोलू,
त्या एवढ्याशा जिवाला पाण्यात पाहते.

काठाच्या गरम कुंडात आफी बसलेत,
इल्वाचे आजोबा, माझे वडील.
लोकरी टोपी कानांवर, पाणी छातीपर्यंत.
त्रेचाळीस वर्षं कॉड पकडला त्यांनी
आणि पोहता येत नाही.
त्यांच्या बोटीवर कुणालाच येत नसे.
बोट उलटली की थंडीच काय ते आटपते, म्हणायचे,
पोहणाऱ्याला फक्त वेळ जास्त लागतो.
केटिलकाकाला किती वेळ लागला
ते आमच्या घरात कुणी बोललं नाही.
अजून ते सकाळी फडकं ओलं करून तोंड पुसतात.
भरली ओंजळ तोंडावर मारताना
मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

इल्वाला त्यांच्याकडेच जायचं होतं.
त्यांच्या डाव्या पायाला चार बोटं.
पाचवं कुठे गेलं, याची दर रविवारी वेगळी गोष्ट.
आज म्हणाले, माशाने परत आणून दिलंय,
खरं वाटत नसेल तर बघ.

वाफेत खालचं काही दिसेना.
मी तेव्हा केस पिळत होते.
कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही,
टाळ्यांसाठी कुणाचे हात तयार नव्हते.
ती वाकली.
कपाळ, पापण्या, गाल, सगळं राज्य
एका क्षणात पाण्याखाली.
तिने श्वास सोडला, बुडबुडे आले.
मी श्वास रोखला.
माझ्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

वर आली ती शिंकत, खोकत,
शेंबूड ओठांपर्यंत,
रडावं की नाही याचा विचार करत.
मग म्हणाली, "एक, दोन, चार!"
तीन तिला अजून येत नाही,
त्यामुळे बोटं नक्की किती दिसली
ते तिलाच ठाऊक.

पुन्हा गेली. पुन्हा.
तिसऱ्यांदा टॉवेलही मागितला नाही.
मग आजोबांच्या गुडघ्यावर उभी राहून
बोट त्यांच्या नाकावर ठेवलं:
"आता आफी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणणार होते, असू दे गं, आजोबा दमलेत.
म्हटलं नाही.
त्यांनी टोपी काढली, माझ्या हातात दिली,
आतून गरम, वरून बर्फाने ओली.
विरळ पांढऱ्या केसांवर बर्फ पडायला लागला.

आधी त्यांनी फुंकर घातली,
गरम सूपवर घालतात तशी.
मग हळूच मान कलवून
कान टेकवला पाण्याला.

"काय म्हणतंय?" इल्वाने विचारलं.

ते बराच वेळ ऐकत राहिले.