करवतकाठी

मेडिकलच्या अ‍ॅनाटॉमीत मी तक्ते रंगवायचो.
तक्त्याचे चाळीस रुपये, रंग आपला.
वैरागडे बाई म्हणाल्या, कवटीला भोक पाडायचा इतिहास हवाय,
सात तक्ते, नवी बॅच यायच्या आत.
जाडजूड पुस्तकं दिली, खुणेला
इंजेक्शनच्या खोक्यांच्या पट्ट्या.

पहिली कवटी समुद्रापलीकडच्या डोंगरातली.
चार भोकं.
मी म्हटलं, मारूनच टाकलं याला.
त्या म्हणाल्या, काठ बघा, काठ.
माणूस टेबलावरच गेला
तर काठ तसाच राहतो, कापल्या क्षणीचा.
जगला, तर हाड वर्षभर स्वतःलाच घासत बसतं,
गुळगुळीत होतं.
बघा, हे तीन गुळगुळीत.
हे चौथं, नाही.

म्हणजे तीनदा उठून घरी गेला होता तो,
जेवला असेल,
बायकोवर खेकसला असेल.

काठ हा शब्द आमच्या घरात मागावरचा.
गोळीबार चौकामागे माय करवतकाठी विणायची.
टसरच्या अंगाला लाल दात, एकसारखे.
एक चुकला तर वीतभर उकलायची
आणि कुणाशी बोलायची नाही.

दुसरा तक्ता विलायती चित्रावरून.
डोक्यावर नरसाळं घातलेला वैदू
खुर्चीतल्या जाड्याच्या कपाळातून
वेडेपणाचा खडा काढतोय.
शेजारी एक बाई, डोक्यावर पुस्तक, चेहऱ्यावर कंटाळा.
मला आमचे निखारे गुरुजी आठवले:
डोक्यात गोटे भरले का बे?
तिकडे पाचशे वर्षांपूर्वी फी घेऊन काढत होते,
इथे छडीने मोजत होते, फुकट.

तिसऱ्यावर कामठीच्या छावणीतली शिसवी पेटी.
आत निळं मखमल, त्यात निजलेलं
सुताराच्या गिरमिटाचं थोरामोठ्यांत दिलेलं भावंड,
हस्तिदंती मुठीचं.
एक खाच रिकामी.
बाई म्हणाल्या, रिकामी खाचही काढा.

चौथ्यावर मला आपलं काही हवं होतं.
जुनापाणीची दगडांची वर्तुळं मी सायकलने जाऊन पाहिलेली.
म्हटलं, तिथल्या एखाद्या कवटीला द्यावं एक भोक,
कोण बघतंय.
सापडलं नाही ते काढायचं नाही, बाई म्हणाल्या.
म्हणून त्या तक्त्यावर नुसते दगड आहेत, गोल,
आणि मधे माती.
पोरं त्याच्यासमोर थांबत नाहीत.

पाचवा, सहावा झाले कसेबसे.

सातव्याला जगलेला काठ हवा होता, जवळून,
आणि पुस्तकातला फोटो काळा ठिक्कर.

दौलत माझा धाकटा.
यंत्रमागाचा धोटा उडाला, कानाच्या वर बसला.
मेडिकलमध्येच उघडलं होतं त्याला;
चुरा झालेलं हाड काढलं, परत बसवलं नाही.
घरी आणला तेव्हा त्या जागी कातडी
आतून कुणी दार ठोठावल्यासारखी उडायची.
माय काही बोलली नाही.
तेल कोमट केलं
आणि बत्तीस वर्षांच्या बाप्याची टाळू भरली,
सव्वा महिना, रोज.

मे महिना. लाइट गेलेली, कूलर थंड पडलेला,
सगळे गच्चीवर.
तो झोपला तसं मी त्याच्या कानावर बोट ठेवलं
आणि हळूहळू फिरवत गेलो.
एक दात लागला नाही.
फुटक्या बशीची कड वर्षानुवर्षं घासून
अशी होते, थोडी आत वळलेली,
थोडी लाजरी.

काय करून राहिला बे?
काही नाही. माप घेऊन राहिलो.
तो कुशीवर वळला.

डोळ्यांनी न पाहिलेला तेवढा एकच काठ
मी आयुष्यात रंगवला.
खाली स्थळ-काळ लिहायचा असतो.
बाईंनी विचारलं, ही कुठली?
मी म्हटलं, गोळीबार चौक.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
बरोबर आहे काठ, म्हणाल्या.
चाळीसची एक पावती जास्त फाडली.

दौलत मात्र अजून एकाच न्हाव्याकडे जातो.
वस्तरा तिथवर आला
की तो न्हावी बोलता बोलता गप्प होतो,
दोन बोटं बाजूने जातो,
मग मागचं वाक्य पुढे सुरू करतो.