चि. सौ. कां. सुलोचना हीस

दिवाळीनंतर आमच्या बंबाचं बूड गळायला लागलं.
थेंब विस्तवावर पडे, चर्र होई,
आणि मालन न्हाणीतून म्हणे, ऐका, बोलतोय.
दोनदा डाग दिला. एकदा भेगेत साबण चोळला.
तिसऱ्या खेपेला तांबटच म्हणाला,
आता ह्यात पत्र्यापेक्षा डागच जास्त आहेत.

मुलगा पुण्याहून : गीझर घ्या की.
घेऊ, म्हटलं.
परसात करवंट्यांची दोन पोती,
तोडलेल्या शेवग्याचा ढीग,
आणि वीज नेमकी साडेपाचला जाते
हे त्याला कुणी सांगावं.

रिक्षात बंब मालनच्या मांडीवर,
कुपवाडहून मिरजेपर्यंत,
स्टेशनामागं दस्तगीरच्या दुकानात.
त्यानं तो उलटा केला, हातोडीनं ठोकला.
आतून क्षार पडला, पांढरा, खवल्याखवल्यांचा,
आमच्या बोअरचं सव्वीस वर्षांचं पाणी,
दोन घमेली.
“ह्येचं वजन धरायचं नाय, मास्तर.”
मी मास्तर नव्हे. हळदीच्या पेठेत तोलाईदार होतो.
बत्तीस वर्षं काट्यापुढं उभा राहून
ओल किती, माती किती, बारदान किती
सगळं वजा करून आकडा बोललो.
खवल्यांत बाळंतिणीचं पाणी होतं,
दहावीच्या पेपरांचं,
आईच्या शेवटच्या आंघोळीचं.
मी असतो तर मीही वजाच केलं असतं.

साडेसहा किलो.
काट्यावर बंब आडवा,
बापूंचं नाव वर पाय करून.

मागच्या बाजूला सात-आठ जुने बंब
लग्नात मानपानाला बसवल्यासारखे.
एकाला कान नव्हता, एकाला तोटीऐवजी बूच.
मालननं एकेकाला टिचकी मारली,
माठ घेताना मारतात तशी.
पाचवा वाजला.

त्याच्या नळीत वीतभर गाळ, वाळून दगड झालेला,
त्यात गवताची एक काडी उभी.
“महापुरातला हाय. गावभागातनं आला.”
पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं :
चि. सौ. कां. सुलोचना हीस,
मगदूम मामांकडून, समडोळी, १९७१.
“घासून देतो, पाच मिन्टात. तुमचं नाव घालायचं
तर अक्षराला पाच रुपये.”
“राहू दे,” मालन म्हणाली.
पैशाचं नव्हतं ते.
पैशाचं असलं की ती माझ्याकडं बघते.
तेव्हा ती बंबाकडं बघत होती.

फरकाचे अकराशे दिले.
गाळ मी सळईनं काढला, सगळा नाही निघाला.
पेटवला तर घरभर धूर,
आणि धुराला नदीचा वास.
तोटी उलटी फिरते. उघडायला जावं तर आवळते.
चार दिवस हात भाजून घेतला,
आता आमचे हातच उलटे वळतात.
सकाळी मी अंथरुणातून विचारतो,
सुलोचना तापली का?
शेजारच्या आवटीकाकूंना वाटलं
मुलानं परस्पर लग्न उरकलं.

एक सांगायचं राहिलं.
लग्न झाल्यापासून पहिलं पाणी माझं,
मालनचं शेवटचं, कोमट, उरलेलं.
हा नियम कुणी केला नव्हता, तो होता.
त्या पहिल्या सकाळी ती म्हणाली,
बघते कसं येतंय पाणी,
आणि आत जाऊन कडी लावली.

मी पंचा खांद्यावर टाकून पायरीवर बसलो.
आत तांब्या पडत होता पाण्यावर,
एक, दोन,
सवयीनं मोजत गेलो.
बाविसाव्याला मोजणं सोडलं.
दाराखालून वाफ येऊन माझ्या पायांना लागली.
मग कडी वाजली, बोटभर फट,
फटीतून ओला हात :
आणखी दोन करवंट्या द्या.