सव्वा महिना

पाच जणी. मादालेनाच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा
सामान एवढं, की वाटलं कायमच्याच राहायला आल्या.
स्कॉटलंडच्या. वयानं माझ्याच, थोड्या इकडेतिकडे.
मोरॅग, इशबेल, सेन्गा, उंच ती उना,
आणि जिचं नाव शेवटपर्यंत माझ्या जिभेवर बसलं नाही ती.
तिला मी मनात टोपीवाली म्हणत राहिले.

सव्वा महिन्याचं भाडं, आगाऊ, ओट्यावर मोजून.
मी म्हटलं, बाई, पिको बेट एवढंसं,
पाच दिवसांत संपतं.
सेन्गा पुस्तकातल्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली,
संपू दे की.

पहिला आठवडा नुसता हसण्याचा.
काळ्या दगडांच्या कुंपणांवरून, द्राक्षवेलींवरून
ते हसणं माझ्या स्वयंपाकघरात यायचं
आणि दूध उतू जायचं.
रात्री कागारू पक्षी ओरडले,
तान्ह्या पोरानं नाकातून रडावं तसे ते ओरडतात,
तर पाचही जणी झोपायच्या कपड्यांत अंगणात,
हातात बॅटऱ्या,
कुणी मूल टाकून गेलंय म्हणून वेलींखाली शोधत.
मी खिडकीतून पाहत होते.
लगेच सांगितलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात फ्रिजवर यादी लागली:
भांडी कुणी, पाव कुणी, गाडीत पुढे कुणी.
तिसऱ्यात यादी फाटली.
एकोणिसाव्या दिवशी
अंगणात पाच खुर्च्या, पाच दिशांना.
डोंगराला ढग, ह्यांना अबोला.
कारण काय, तर उनानं
चाळीस वर्षांपूर्वी कुणाचं तरी पत्र
कुणाला तरी दिलंच नव्हतं.
एवढं सांगायला
एवढा समुद्र मध्ये घालावा लागला तिला.

मी मध्ये पडले नाही.
दाराशी मक्याची भाकर ठेवली, चीजचा अख्खा गोळा,
आणि सुरी एकच.
अर्धा तास कुणी हललं नाही.
मग इशबेल उठली, आपल्यापुरतं कापलं,
आणि सुरी पुढे कुणाला द्यायची म्हणून
तशीच धरून उभी राहिली.
उनानं हात पुढे केला.
बाकीचं मी ऐकलं नाही. कुत्रीला बांधायचं होतं.

माझ्याही चार होत्या.
ओतिलिया, झुल्मिरा, फिलोमेना, धाकटी ग्रासिंडा.
फॉल रिव्हरच्या गिरण्यांनी एकेक करून नेल्या.
समुद्र त्यांनीही ओलांडला,
पण त्याला कुणी सुट्टी म्हटलं नाही.
मला आईनं सोडलं नाही, मग गायींनी,
मग कुणी धरलंय हे बघायचंही राहून गेलं.
झुल्मिरा एकदा आली होती. अकरा दिवस.
हॉटेलात उतरली. दूध फार दाट लागलं तिला.
मी रागावले, ते तिला कळलं नाही,
की कळलं, ते मला कळलं नाही.

शेवटच्या रात्री त्यांनी मला बोलावलं.
सहावी खुर्ची नव्हती.
टोपीवाली द्राक्षांच्या क्रेटवर बसली, तिची मला दिली.
काय बोलल्या, निम्मं कळलं नाही,
हसायचं कधी ते मात्र कळत होतं.

सकाळी आठाच्या बोटीनं गेल्या.
चादरी काढल्या. पलंगाखाली एक मोजा,
कपाटात अर्धी बरणी मुरंबा,
फाटलेल्या यादीचा एक तुकडा,
त्यावर अक्षर उनाचं: भांडी, मी.
खुर्च्या आत घ्यायला गेले
आणि त्यांच्यातल्याच एकीवर बसून
फोन लावला.
तिकडे पहाटेचे साडेचार, हे ठाऊक असून.

झुल्मिरानं पहिल्याच घंटेला उचलला.
आवाज कापरा.
'कोण गेलं?'
पाच जणी, मी म्हटलं. आठाच्या बोटीनं.
ती गप्प. मग शिवी दिली,
जुनी, आमच्या गल्लीतली,
अमेरिकेत जी कुणालाही कळणार नाही.