दोनची लाईन

पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात,
वाशीमची साडेनऊची एसटी चुकली नाही तर.
आम्ही अकरा जण. सतरंजी एक, पेटी एक,
पेटीचा वरचा सा मुका.
या खेपेला ते क्षमेवर बोलले
आणि मी सगळा वेळ
लव्हाळ्याचा विचार करत बसले.

लव्हाळा मला ठाऊक आहे.
दवाखान्यातून रिटायर झाले त्या उन्हाळ्यापासून
वांग्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन त्याच्यामागं आहे.
ओढला की तुटतो, हातात हिरवं येतं,
माणसाला वाटतं, झालं.
गाठ मात्र खाली, वीतभर काळ्या मातीत,
पोतीतल्या मण्यासारखी, निवांत.
आठ दिवसांनी पुन्हा सुईसारखा वर.

पुंजाजीचं नाव मी असंच
कितीदा वरवर उपटलं आहे प्रार्थनेत.

गोष्ट धुऱ्याची. दीड हात.
आमचे हे गेले, मातीला आलेले लोक परतले,
क्रुसावरची झेंडूची माळ सुकलीही नव्हती,
आणि तुराट्यांचं कूड रातोरात
आमच्याकडं सरकलेलं.
इहीर सामायिक, मोटर सामायिक,
बोलणं तेवढं बंद.

कुडाला लागून लिंबाचं झाड आहे,
ह्यांनीच लावलेलं. पाच वर्षं झाली, काटे भरपूर.
तोडून टाकावं म्हणते आणि ती अंजिराची गोष्ट आठवते,
मालक कुऱ्हाड मागतो, माळी एक वर्ष मागतो,
आळं करतो, खत घालतो.
गोष्ट तिथंच थांबते.
पुढच्या साली अंजीर आलं का,
हे आजवर एकाही पाळकानं सांगितलं नाही.

मे महिन्यात मला ताप आला.
लाईन रात्री दोनला येते, चारला जाते,
तेवढ्यात ज्याचं त्यानं भिजवून घ्यायचं.
तीन रात्री मोटरचा आवाज ऐकला पडल्या पडल्या,
उठवलं नाही.
वांगी गेली म्हणून सोडून दिली.

चौथ्या दिवशी भिंत धरत परसात आले
तर वाफा वरंब्यापर्यंत ओला,
पानं ताठ,
आणि चिखलात पाय उमटलेले. अनवाणी.
डाव्या पायाला चार बोटं.

ते पाचवं बोट मला माहीत आहे.
साखरेनं काळं पडलेलं,
डाक्टरांनी काढलं तेव्हा ट्रे माझ्या हातात होता.
बेचाळीस दिवस ड्रेसिंग केलं त्या पायाचं,
जखम भरली तशी रोज पाहिली.
ठसा कोणाचा, हे विचारायला
मला कोणाच्या दारात जायची गरज नव्हती.

कबरेपाशी रडणाऱ्या त्या बाईनं
समोर उभ्या असलेल्याला माळी समजलं.
लोक म्हणतात, चुकली.
मी वाफ्याच्या कडेला उकिडवी बसले,
ठशात साचलेल्या पाण्यात एक मुंगी पोहत होती,
तिला काडीनं बाहेर काढलं
आणि म्हटलं, नाही बाई,
फार नाही चुकलीस.

संध्याकाळी कुडावरून आठ वांगी दिली.
पुंजाजीनं एक उचललं, दाबून पाहिलं.
“बिया लय झाल्या यात, सिस्टरबाई.”
एवढंच. चार वर्षांनी.
मी म्हटलं, “भरताला चालतात.”
आत वच्छला हसल्याचा आवाज आला.

कूड आहे तिथंच आहे.
लव्हाळाही आहे. काल पसाभर गाठी निघाल्या,
उन्हात वाळत घातल्यात,
मोजल्या नाहीत.

रात्री दोनला लाईन आली तशी बॅटरी घेऊन उठले,
पहिलं बारं त्याच्या मिरच्यांना दिलं.
बॅटरीचे सेल तेवढ्यात संपले.
अंधारात धुरा कुठं, दिसेना,
पाणी तर कधीच विचारत नाही.

सकाळी लिंबाला आळं केलं,
टोपलंभर शेणखत टाकलं.
फूल नाही अजून.